लांछन

(मराठीच्या शिक्षकांसाठी भरलेल्या शिबिरात दिलेले व्याख्यान)



मला दिलेला विषय 'गावाची ओळख आणि भाषा' असा ऐसपैस होता. मी तो बराच आखडून घेतला आहे. आज मी एकाच गावाच्या ढालीवरील एकाच चित्राविषयी बोलणार आहे. ते गाव नॉर्वेच्या उत्तर टोकाला आहे. मी तिथे गेलेलो नाही आणि जाण्याचा संभवही नाही. सांगणार ते सगळे वाचलेले. पण वाचायला जे निमित्त झाले ते इथलेच आहे, म्हणून आधी ते सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एका पंचायतीने बोधचिन्हासाठी शाळकरी मुलांची चित्रस्पर्धा घेतली. तीन परीक्षकांत मी एक होतो. साठेक चित्रे आली. माड, उगवता सूर्य, समुद्र, उघडे पुस्तक आणि एकमेकांत गुंफलेले दोन हात, यांच्याच निरनिराळ्या मांडण्या. आता त्या गावाला समुद्र नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव ते, तिथल्या कित्येक म्हाताऱ्यांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. पण गोव्याचे चित्र म्हणजे समुद्र, हे मुलांच्या डोक्यात आपणच भरून ठेवलेले. त्या साठांत एक चित्र वेगळे होते. नववीतील एका मुलीचे, धनगरवाड्यावरून चालत शाळेत येणाऱ्या. तिने एक खोप काढली होती. कारवीच्या कुडाची, गवताने शाकारलेली, छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेले. बाकी कागद रिकामा.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "आपलेंच घर काडलां गो हिणें!" वर्ग हसला. मी हसलो नाही, पण जे केले ते हसण्यापेक्षा बरे होते असे म्हणवत नाही. मी तिला जवळ बोलावून समजुतीच्या सुरात म्हटले, "बाळ, चित्र चांगले आहे. पण हे गावाचे चिन्ह म्हणून दिसणार. गावाला कमीपणा येईल असे काही नको." तिने मान हलवली आणि कागद घेऊन जागेवर गेली. बक्षीस माड आणि समुद्राला मिळाले.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी सहज म्हणून गावांच्या आणि शहरांच्या चिन्हांविषयी वाचू लागलो. युरोपात ही मोठी जुनी विद्या आहे. मध्ययुगात शिरस्त्राणाने तोंड झाकलेला सरदार ओळखू यावा म्हणून त्याच्या ढालीवर खूण रंगवत. पुढे ती खूण घराण्याची झाली, मग नगरांची, आणि विसाव्या शतकात अगदी आडगावच्या पालिकांनाही ती हवीशी वाटली. नॉर्वेत तिचे नियम कडक होते. ढालीवर शक्यतो एकच वस्तू असावी. रंग दोनच, त्यांतला एक 'धातू' म्हणजे सोनेरी किंवा रुपेरी आणि दुसरा लाल, निळा, हिरवा, काळा असा गडद, म्हणजे लांबून उठून दिसेल. वस्तू सपाट असावी, तिला छाया-प्रकाश नको, खोली नको. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, ढालीवर एकही अक्षर नको. गावाचे नावसुद्धा नाही.

इथे भाषा कुठे राहिली, असे तुम्ही म्हणाल. गंमत अशी की अक्षर नसलेली ही ढाल मुळात एका वाक्याची बनलेली असते. या विद्येत चित्र दुय्यम असते. मंजुरी मिळते ती वर्णनाला. 'तांबड्या पृष्ठावर तीन सोनेरी जाळ' एवढे वाक्य ठरले की कोणत्याही चित्रकाराने आपल्या हाताने तीन जाळ काढावेत. कुणाच्या ज्वाळा उंच होतील, कुणाच्या बसक्या, पण वाक्य पाळले असेल तर ढाल तीच. (हे वर्णन खरेच एका गावाचे आहे, कारास्योकचे.) आपल्याकडे बोधचिन्ह म्हणजे संगणकावरची एक फाइल. ती हरवली की चिन्ह हरवले. माझ्या ओळखीच्या एका संस्थेची फाइल अशीच हरवली आणि आता ती जुन्या पत्रिकेवरून झेरॉक्सची झेरॉक्स काढत असते. वाक्य हरवत नाही. ज्याला आठवते तो ते पुन्हा सांगू शकतो.

तर ज्या गावापाशी मी थांबलो त्याचे नाव काउतोकेइनो. गाव म्हणजे तिथली 'कोमूने', आपली पंचायत आणि तालुका यांच्या मधले काहीतरी. क्षेत्रफळ सुमारे 9,700 चौरस किलोमीटर, म्हणजे आपला गोवा त्यात अडीच वेळा मावेल. वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर. बहुतेक लोक सामी आहेत, त्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी, आणि घराघरांत बोलली जाते ती उत्तर सामी भाषा. त्या भाषेत गावाचे नाव गुओव्दागेआइद्नु, म्हणजे साधारण 'अर्ध्या वाटेवरचे'. नाव अचूक आहे, कारण रेनडिअरचे कळप हिवाळ्यात या आतल्या पठारावर असतात आणि उन्हाळ्यात समुद्रकाठी जातात. माणसे त्यांच्यामागून जातात.

या गावाला 1987 साली ढाल मिळाली. तिचे वाक्य अर्थाने असे: निळ्या पृष्ठावर एक सोनेरी लाव्वू.

लाव्वू म्हणजे सामी लोकांचा तंबू. काही दुबेळक्याचे खांब एकमेकांत अडकवून उभे करायचे, त्यांना बाकीचे सरळ खांब टेकवायचे, वरून कापड किंवा कातडे गुंडाळायचे. मधोमध चूल आणि वर धूर जायला मोकळे तोंड. बसका असतो, रुंद बुडाचा, कारण झाड नसलेल्या पठारावर वारा अडवायला दुसरे काही नसते.

आता हे वाक्य मराठीत आणायचे तर 'लाव्वू' या शब्दाचे काय करायचे? मी बरेच दिवस यावर घालवले. 'तंबू' म्हटले की सर्कस किंवा लष्कर डोळ्यांपुढे येते. 'राहुटी' जवळची आहे, पण तिला शिकारीचा आणि सरदारांच्या छावणीचा वास आहे. खरा शब्द एकच, 'पाल'. (व्याकरणवाल्यांसाठी जाता जाता: ती पाल भिंतीवर असते, ते पाल माळावर.) भटकत राहणारी कुटुंबे गावाबाहेर माळावर पाल ठोकतात. काठ्या, फाटके कापड, मध्ये तीन दगडांची चूल. वस्तू म्हणून लाव्वूला सर्वांत जवळचे तेच. पण 'निळ्या पृष्ठावर एक सोनेरी पाल' असे लिहिले आणि माझाच हात थांबला. मराठीत पाल ही गावाची वस्तू नाही. ती गावाबाहेरची आहे. पालातला माणूस गावात आला की त्याला पहिला प्रश्न 'कुठला रे तू' असा असतो, आणि चोरी झाली की पोलीस आधी पालावर जातात. तो शब्द मी गावाच्या ढालीवर ठेवायला निघालो होतो आणि मला तो पेलत नव्हता. धनगरवाड्यावरच्या मुलीला मी काय म्हणालो होतो ते तेव्हा आठवले.

काउतोकेइनोत तरी हे पाल मानाचे होते का? नव्हते. तो इतिहास थोडा सांगावा लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नॉर्वेच्या सरकारने सामींना नॉर्वेजियन करण्याचे धोरण धरले. 1898 साली शाळांसाठी आज्ञा निघाली, तिने वर्गातील सामी भाषेचा वापर अगदी नावापुरता उरवला. 1902 च्या कायद्याने उत्तरेतील सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता येणे आणि रोज वापरणे आवश्यक ठरले. भाषा आली नाही तर जमीन नाही, इतका सरळ हिशेब. 1905 पासून सरकारी निवासी शाळा सुरू झाल्या. मुले आईबापांपासून दूर, वसतिगृहात, परक्या भाषेत वाढू लागली. शाळा भाषा कशी देते हे आपण शिक्षक नेहमी सांगतो. शाळा भाषा कशी काढून घेते याचे हे उदाहरण आपण एकदा तरी वाचावे. समुद्रकाठच्या सामी गावांत याचा परिणाम फार खोल झाला. आईबापच मुलांशी नॉर्वेजियन बोलू लागले. सामी असणे ही लपवण्याची गोष्ट झाली, तिचा पोशाख आणि तिचे पालही.

काउतोकेइनोच्या वाट्याला याहूनही जुनी एक जखम होती. 1852 साली तिथे काही सामींनी उठाव केला, त्यात एक व्यापारी आणि सरकारी अंमलदार मारले गेले. दोघा पुढाऱ्यांचा 1854 मध्ये शिरच्छेद झाला आणि त्यांच्या कवट्या संशोधनासाठी राजधानीत नेल्या गेल्या. त्या परत येऊन दफन व्हायला 1997 साल उजाडले. त्याच उठावात पकडलेला लार्स हेत्ता नावाचा तरुण तुरुंगात बसून बायबल आपल्या भाषेत आणण्याच्या कामाला लागला. उत्तर सामीच्या लिखित गद्याचा एक पाया असा कोठडीत घातला गेला. भाषेच्या इतिहासात असे चमत्कारिक पत्ते पुष्कळ सापडतात.

मग 1970 नंतरच्या दशकात आल्ता नदीवर धरणाची योजना आली. पहिल्या आराखड्यात काउतोकेइनो कोमूनेतले मासे नावाचे सामी गाव पाण्याखाली जाणार होते. विरोध झाला आणि गाव वाचले, पण धरण बांधायचेच ठरले. 1979 च्या शरदात काही सामी तरुण राजधानी ओस्लोला गेले आणि संसद भवनासमोर त्यांनी एक लाव्वू उभा केला. त्यात बसून उपोषण केले. देशाने तो बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिला. कल्पना करा, पणजीत विधानसभेसमोर एखादे पाल उभे राहिले आहे आणि आत लोक उपाशी बसले आहेत. तंबूचा अर्थ त्या दिवसांत बदलला असावा, असे मला वाटते. तंबू तोच होता, जागा बदलली होती.

धरण शेवटी झालेच, लहान आकाराचे. त्याचे वीजकेंद्र सुरू झाले 1987 मध्ये. काउतोकेइनोची ढाल मंजूर झाली तीही 1987 मध्ये. एकामुळे दुसरे झाले असे मी म्हणत नाही. तारखा शेजारी ठेवतो, इतकेच. पुढे 1989 मध्ये सामी संसद उघडली आणि 1992 पासून काउतोकेइनोसह सहा कोमूनेंमध्ये सामी भाषेला नॉर्वेजियनच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. 1997 मध्ये राजाने सामी लोकांची क्षमा मागितली.

त्या सहांतल्या एका कोमूनेत, कोफ्योर्दमध्ये, रस्त्यावर सामी नावाची पाटी लागली तेव्हा तिच्यावर कोणी बंदुकीच्या गोळ्या झाडल्या. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आपल्यापैकी सीमाभागातून आलेल्यांना पाटी म्हणजे काय हे मी सांगायला नको. पाटीवरच्या अक्षराला काळे फासता येते, कारण अक्षर कोणत्या तरी एका भाषेचे असते. म्हणून मला त्या ढालीचे मुकेपण फार शहाणपणाचे वाटते. निळ्यावर सोनेरी लाव्वू हा सामी भाषेतही लाव्वूच आहे आणि नॉर्वेजियनमध्येही. दोन भाषा बोलणाऱ्या गावाने अशी वस्तू शोधली की जिच्यावर लिपीचा वाद घालता येत नाही. आपण गोमंतकीयांनी लिपीवर खर्च केलेली वर्षे मोजावीत आणि मग या ढालीकडे पाहावे.

आपली परंपरा मात्र उलट आहे. आपली राजचिन्हे बोलतात. शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा म्हणजे चित्र नव्हे, तो संस्कृत श्लोक आहे. युरोपीय पद्धतीची ढाल आपल्या संस्थानिकांकडे आली तीही वरून आली. 1 जानेवारी 1877 च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संस्थानिकांची चिन्हे बसवून दिली, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा सगळ्यांची. त्या चिन्हांची निशाणे इतकी जड झाली की एकट्यादुकट्याला ती पेलेनात. दुसऱ्याने दिलेल्या चिन्हाबद्दल आणखी काही बोलण्याची गरज नाही.

पण गोव्यात याहून जुनी गोष्ट आहे. गोव्याच्या कदंबांच्या लेखांत त्यांना 'सिंहलांछन' आणि 'वानरध्वज' म्हटले आहे. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा नागरी लेख. तोच सिंह आज आपल्या कदंब बसगाड्यांवरून फिरतो. यातला 'लांछन' शब्द पाहा. चालुक्यांचे वराहलांछन, राष्ट्रकूटांचे गरुडलांछन. जैन तीर्थंकरांना मूर्तीखालच्या लांछनावरून ओळखतात, वृषभ असेल तर ऋषभनाथ, सिंह असेल तर महावीर. बेळगावकडच्या मंडळींनी हे बस्तीत पाहिलेच असेल. लांछन म्हणजे खूण, ओळख. चंद्राला शशलांछन म्हणतात, त्याच्यावर सशाची खूण आहे म्हणून. पण चंद्रावरच्या या खुणेला लोक डाग म्हणू लागले आणि शब्द घसरला. आजच्या मराठीत 'कुळाला लांछन लागले' म्हटले की कुणी कदंबांचा सिंह आठवत नाही. जी खूण मिरवायची तीच तोंड लपवायला लावणारी झाली.

शब्दकोशात हा प्रवास एका ओळीत उरकतो. माणसांच्या बाबतीत त्याला पिढ्या लागतात. काउतोकेइनोत मला उलटा प्रवास दिसला. जे दुसऱ्या अर्थाने लांछन होते त्याला त्यांनी पहिल्या अर्थाकडे परत नेले. आपल्याकडे असे अजिबात घडत नाही असे नाही. आमच्या कुणबी बायकांचे तांबडे चौकड्यांचे कापड एकेकाळी शहरातल्या बाईने अंगाला लावले नसते. वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा विणून घेतले आणि आता ते लग्नसमारंभात मिरवते. पण ते नेसणारी आता बहुतेक कुणबी नसते, आणि हा फरक मला छोटा वाटत नाही.

माझ्या मनात एक शंकाही आहे, ती लपवत नाही. आज काउतोकेइनोतील माणूस लाकडी उबदार घरात राहतो, बर्फावर मोटारगाडी चालवतो. लाव्वू लागतो कळपामागे जाताना, सणासमारंभाला, आणि पर्यटकांना कॉफी पाजायला. नॉर्वेतील बहुसंख्य सामी रेनडिअर पाळतही नाहीत. समुद्रकाठच्या मासेमार सामींनी, ज्यांची भाषा आधी गेली, त्या सोनेरी तंबूकडे पाहून काय म्हणायचे? कारास्योकच्या सामी संसदेचे सभागृहही लाव्वूच्या आकाराचे आहे. एखादी खूण फार यशस्वी झाली की तिच्या सावलीत बाकीच्या खुणा वाढत नाहीत. आपल्या माडाचे आणि समुद्राचे असेच झाले आहे. गोवा राज्याने घेतलेले चिन्ह, हातांनी जपलेला वृक्षदीप आणि सगळ्यांचे भले चिंतणारे संस्कृत वचन, मला त्या मानाने बरे वाटते. निदान त्यात समुद्र नाही.

तरीही एका गावाने आपल्यापुरते पाहून घेतलेले चिन्ह म्हणून त्या निळ्या ढालीला मी मानतो. ते चिन्ह सगळ्या सामींचे आहे असे ढाल म्हणत नाही. ते अर्ध्या वाटेवरच्या गावाचे आहे.

आता शेवटचे सांगून थांबतो. मागच्या पावसाळ्यात मी एका सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासायला गेलो होतो. पट्टा बांधणारी नर्स म्हणाली, "सर, ओळखलं नाही?" तीच मुलगी. मी चित्राची आठवण काढली. बक्षीस कोणाला मिळाले ते तिला आठवत नव्हते, पण चित्र आठवत होते. मी तिला त्या दूरच्या गावाचे सांगितले आणि म्हटले, "तुझ्या चित्राचेही मी तसे वाक्य केले आहे. हिरव्या ढालीवर एक रुपेरी खोप."

तिने पट्टा सोडवला, आकडे लिहून घेतले आणि म्हणाली, "आणि म्हशी?"

मी म्हटले, कागदावर म्हशी नव्हत्या.

"काढायच्या राहिल्या होत्या सर. आधी खोप काढली, आणि मग तुम्ही बोलावलंत."

एका ढालीवर शक्यतो एकच वस्तू असावी, हा नियम मी तिला समजावून सांगितला. तिला तो पटला नाही.